एमपी थ्री प्लेअर लोगोवर अडकतो, मधेच बंद पडतो, "नो फाइल" दाखवतो : आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

ही एकच तक्रार इतक्या जणांकडून येते की सगळं एकदा नीट लिहून काढतोय. आधी लक्षणं बघा, तुमचं कोणतं आहे ते ओळखा, मग पुढे चला.

– बटण दाबलं की लोगो येतो आणि तिथेच बसून राहतो, नाहीतर लोगो येऊन परत अंधार.
– गाणं सुरू होतं, काही सेकंदात पुढच्या गाण्यावर उडी. किंवा दर वेळी त्याच एका गाण्यापाशी येऊन हँग.
– "नो फाइल", "कार्ड एरर", कालपर्यंत तर गाणी वाजत होती.
– गाण्यांची संख्या कमी दाखवतो, किंवा सुरुवातीची गाणी वाजतात आणि नंतरची सगळी मुकी.
– चार्ज फुल दाखवतो पण आवाज वाढवला की बंद, परत चालू केला की परत फुल दाखवतो.
– खिशात ठेवून चाललं की बंद, कोपरा दाबला की सुरू.

आता यातून काय कळतं. नेहमी त्याच गाण्यावर अडकत असेल तर दोष गाण्याच्या फाइलमधे आहे, प्लेअर ठणठणीत आहे. कुठेही कधीही अडकत असेल तर मेमरी कार्ड किंवा चार्जिंग. आवाज वाढवल्यावर बंद पडत असेल (स्पीकरवाल्या डबीत हे जास्त दिसतं) तर बॅटरी म्हातारी झालीय, जोर पडला की तिचा व्होल्टेज खाली बसतो आणि आतली चिप स्वतःहून बंद होते. आणि धक्का लागून बंद पडत असेल तर कुठेतरी कॉन्टॅक्ट ढिला आहे. नावाच्या जागी फक्त चौकोन दिसत असतील तर तो बिघाडच नाही, स्वस्त प्लेअरमधे देवनागरी फॉन्टच नसतो, गाणं वाजतंय ना मग सोडून द्या. पण जी फोल्डरं तुम्ही कधी बनवलीच नाहीत तशी विचित्र खुणांची नावं दिसायला लागली तर मात्र कार्डावरची फाइलींची यादी बिघडलीय, तिकडे लगेच लक्ष द्या.

आमच्या खान्देशात या तक्रारीला ठरलेले दिवस आहेत. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की, आणि परत श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाच्या आधी. वर्षभर कपाटात पडलेला प्लेअर बाहेर निघतो कारण त्यात झोक्यावरची गाणी असतात, कानबाईची गाणी असतात, कुणाच्या आजीने लग्नात म्हटलेली हळदीची गाणी असतात, आणि मग फोन येतो, "भाऊ, मन्हा प्लेअर बंद पडी गया". रात्रीच्या लाईटीवर केळीला पाणी द्यायला जाणारे, कापूस वेचताना कमरेला अडकवणारे, त्यांचं तर बारा महिने चालूच असतं. हे सांगायचं कारण असं की बाजारातली गाणी गेली तर परत भरता येतात, पण आजीचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, तो फक्त त्या नखाएवढ्या कार्डावर आहे. म्हणून खाली कुठेही "फॉरमॅट करा" (म्हणजे कार्ड पूर्ण पुसून नव्याने तयार करा) असं लिहिलेलं दिसलं तरी आधी कॉपी, मग बाकी सगळं. घाईत कार्ड फॉरमॅट करून बसलेले लोक मी बघितलेत आणि त्यांचा चेहरा बघवत नाही.

फुकटातलं : लॉक, स्विच, रिसेट

पहिलं म्हणजे होल्डचं बटण. कडेला एक बारीक सरकणारं बटण असतं, ते खिशात घासून सरकतं आणि मग एकही बटण चालत नाही, माणूस म्हणतो प्लेअर मेला. सरकवून बघा. काही मॉडेलला मधलं बटण दाबून धरलं की लॉक निघतो.

मग पॉवरचं बटण चांगलं १५ सेकंद दाबून धरा. का, तर आत एक छोटा कॉम्प्युटरच बसलाय आणि तो अडकला की साध्या बंद-चालूने सुटत नाही, आणि बॅटरी आत पक्की असल्यामुळे त्याचा करंट कधी पूर्ण तुटतच नाही. काही प्लेअरला रिसेटचं बारीक भोक असतं, त्यात कागदाची यूपिन सरळ करून हलकेच दाबायची, आत टिक असं बटण लागतं. इथे एक गोष्ट नक्की बघा, रेकॉर्डिंगवाल्या प्लेअरला माइकचंही तसंच भोक असतं आणि त्यात पिन घातली की माइक कायमचा जातो. भोकाशेजारी काय लिहिलंय ते टॉर्चच्या उजेडात वाचा, एमआयसी अशी अक्षरं असतील तर पिन लांब ठेवा, काहीच लिहिलेलं नसेल तरी घालू नका.

चार्जिंग : वायर आधी, प्लेअर नंतर

वर्षभर पडून राहिलेल्या प्लेअरची बॅटरी इतकी खाली जाते की चार्जिंगला लावल्यावर पहिला काही वेळ स्क्रीनवर काहीच येत नाही. लोक पाच मिनिटं बघतात आणि काढून टाकतात. तासभर लावून ठेवा, मग ठरवा.

वायर दुसरी लावून बघा. निम्म्या वेळा वायरच गेलेली असते. नवीन टाइप सीवाल्या स्वस्त प्लेअरचं अजून एक आहे, दोन्ही टोकांना टाइप सी असलेल्या वायरने ते चार्ज होतच नाहीत, कारण समोर काही जोडलंय हे चार्जरला कळायला प्लेअरच्या सॉकेटमधे दोन बारीक रेझिस्टर लागतात आणि बनवणाऱ्याने ते वाचवलेले असतात. मोठी चपटी जुनी यूएसबी पिन एका टोकाला आणि टाइप सी दुसऱ्या टोकाला, अशी वायर लावली की तोच प्लेअर चार्ज व्हायला लागतो. यावरून चांगले प्लेअर फेकून दिलेले आहेत लोकांनी, म्हणून एवढं लिहिलं.

चार्जर साधा ५ व्होल्टचा. चांगला फास्ट चार्जर सुद्धा आधी ५ व्होल्टच देतो आणि समोरच्या वस्तूने मागितलं तरच वाढवतो त्यामुळे त्याची भीती नाही, भीती आहे ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावायच्या बिननावाच्या अडॅप्टरची, १२ व्होल्टवरून तो खाली किती देतोय याचा भरवसा नाही. अशा अडॅप्टरवर लावल्यापासून प्लेअर गरम व्हायला लागला असेल तर ते आजच बंद करा.

आणि आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि लिथियम बॅटरीला चार्ज करायची वरची हद्द साधारण ४५ अंशच धरतात. म्हणजे दुपारी पत्र्याच्या शेडमधे चार्जिंगला लावलेला प्लेअर हद्दीच्या पलीकडेच असतो. मोटारीच्या स्टार्टरची पेटी, ट्रॅक्टरची टूलबॉक्स, बंद गाडीचा डॅशबोर्ड, या जागा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात, तिथे प्लेअर ठेवायचाच नाही. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करा. फुल चार्ज करून तापलेल्या जागी ठेवणं हे बॅटरीला सगळ्यात वाईट, ती फुगते ती यानेच जास्त.

कार्ड काढून चालू करा

हा तपास एका मिनिटाचा आणि यात सगळ्यात जास्त कळतं. प्लेअर बंद करा, मग कार्ड काढा (चालू असताना काढायचं नाही, त्यानेच यादी बिघडते), आणि कार्डाशिवाय चालू करा. लोगोच्या पुढे गेला, मेनू आला, एफएम लागला, तर प्लेअर चांगला आहे आणि भानगड कार्डात किंवा गाण्यात आहे. एफएम बघताना इअरफोन लावूनच बघा कारण त्याची वायरच अँटिना असते, नाहीतर खरखर ऐकून उगाच दुसराच दोष धराल. कार्डाशिवाय पण लोगोवरच अडकला तर दोष प्लेअरच्या आत आहे, सरळ खाली "इथे थांबा, रिपेअरवाल्याकडे जा" या भागावर जा.

ज्यांच्या प्लेअरला कार्डच नाही, आतच मेमरी आहे, त्यांनी तो कॉम्प्युटरला जोडून बघा. ड्राइव्ह दिसला तर खालचं सगळं त्यालाही लागू. नाही दिसला तर आधी वायर बदला, कितीतरी वायरींमधे फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात.

साफसफाई

कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ कोरड्या सुती कापडाने पुसा, काळपट असतील तर शाळेतल्या खोडरबराने अगदी हलकं घासा आणि रबराचा चुरा झटका. आपल्याकडे वेचणीच्या दिवसात कापसाचा बारीक तंतू आणि धूळ मिळून कार्डाच्या खाचेत आणि इअरफोनच्या भोकात गादी तयार होते, कार्ड आत गेल्यासारखं वाटतं पण पूर्ण बसत नाही. रबराच्या हाताने दाबायच्या फुंकणीने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा तर नकोच, त्यात पाणी आणि तेल असतं, शिवाय जोर इतका की खाचेतल्या बारीक पिना वाकतात. पेट्रोल, थिनर, गंज काढायचा स्प्रे यातलं काहीच नको. लागलंच तर मेडिकलमधे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्याचा एक थेंब कापडावर, कार्डावर पुसा आणि वाळू द्या.

खाचेत सुई, टाचणी घालू नका. तिथल्या पिना वाकल्या की काम घरचं राहत नाही.

कार्ड मोबाईलमधे किंवा कॉम्प्युटरवर : आधी कॉपी

आता कार्ड रीडरमधे घाला. कॉम्प्युटर म्हणाला "डिस्क फॉरमॅट करायची गरज आहे" तर कॅन्सल. मोबाईलने विचारलं की कार्ड फोनची इंटर्नल मेमरी म्हणून वापरू का, तर नाही, तिथे हो म्हटलं की कार्ड पुसलं जातं आणि पुढे ते त्या फोनशिवाय दुसरीकडे उघडतही नाही. दुसरा रीडर लावून बघा, दुसऱ्याच्या मोबाईलमधे बघा, एकाला न दिसलेलं कार्ड दुसऱ्याला दिसतं हे खूपदा होतं.

दिसलं की सगळ्यात आधी घरच्या रेकॉर्डिंगचं फोल्डर कॉपी करा. कॉम्प्युटरवर एक, पेनड्राइव्हवर एक, आणि जमलं तर बहिणीच्या किंवा मावशीच्या फोनमधे एक. नवीन गाणी, सिनेमाची गाणी नंतर बघू.

दिसतच नसेल, आणि त्यात आजीची गाणी असतील, तर त्या कार्डावर काहीही लिहू नका. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नाव फोटोचं असलं तरी ते एमपी थ्री पण शोधून काढतं, फक्त सापडलेल्या फाइली कॉम्प्युटरवर काढायच्या, त्याच कार्डावर नाही, कारण नवीन लिहिलं की खालचं जुनं कायमचं पुसतं. फाइलींची नावं परत येत नाहीत, एकेक ऐकून नावं द्यावी लागतात. घरातल्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा, ती दोन ओळीत सांगते कोणाचा आवाज आणि कोणाचं लग्न. कॉम्प्युटरला कार्ड जोडल्याचंही कळत नसेल, किंवा कार्ड हाताला गरम लागत असेल, तर तिथे थांबा, हे काम डेटा रिकव्हरीवाल्याचं, आणि त्याच्याकडे जायच्या आधी जितकी छेडछाड कमी तितकी आशा जास्त.

गाण्याची फाइल

कॉपी झाल्यावर शांतपणे दोषी गाणं शोधा. निम्मी गाणी कार्डावर ठेवा, प्लेअर चालवा. चालला तर दोष बाकीच्या निम्म्यात. परत त्याचे निम्मे करा. असं करत गेलं की शेकडो गाण्यांतून ते एक गाणं पटकन सापडतं, एकेक तपासत बसायला नको.

सापडलेलं गाणं बहुतेक वेळा या प्रकारातलं असतं : अर्धवट कॉपी झालेलं, किंवा ज्याचं शेपटाचं नाव (फाइलच्या नावात टिंबानंतरची अक्षरं) बदलून जबरदस्तीने एमपी थ्री केलेलं. मोबाईलच्या रेकॉर्डरमधे गाणं घेतलं की फाइल बऱ्याचदा एमफोरए नाहीतर थ्रीजीपीची होते, व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस मेसेजची ओपसची होते, आणि छोट्या प्लेअरला एमपी थ्री आणि फार तर डब्ल्यूएमए, वेव्ह एवढंच वाचता येतं. नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही, प्लेअर वाचायला जातो आणि अडकतो. व्हीएलसी किंवा ऑडॅसिटी दोन्ही फुकट आहेत, त्यातून खरोखर एमपी थ्रीमधे कन्व्हर्ट करा. १२८ केबीपीएसला (हा गाण्याच्या दर्जाचा आकडा) मिनिटाला जवळपास १ एमबी जागा लागते, नुसत्या म्हटलेल्या गाण्याला मोनोमधे ६४ सुद्धा पुरे. मूळ फाइल मात्र तशीच जपून ठेवा, कन्व्हर्ट केलेली फक्त प्लेअरसाठी.

गाण्याच्या आत चिकटवलेला मोठा फोटो, खूप लांब नाव, फोल्डरात फोल्डर, यानेही स्वस्त प्लेअर मान टाकतात. नावं छोटी, इंग्रजी अक्षरात, पुढे ००१, ००२ असे नंबर, आणि एकाच पातळीवर फोल्डर.

फॉरमॅट, आणि कार्ड खरं आहे का

कॉपी झाली, दोनदा उघडून बघितली, आता फॉरमॅट. प्रकार फॅट३२. हे का महत्त्वाचं, तर ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ मधे येतात आणि त्याच्या वरची एक्सफॅटमधे, आणि बहुतेक छोट्या प्लेअरना एक्सफॅट वाचताच येत नाही, म्हणून ६४ जीबीचं नवं कोरं कार्ड घातलं की "नो फाइल". मोठं कार्ड फॅट३२ करणारी सॉफ्टवेअर आहेत पण माझं मत विचाराल तर त्या भानगडीत पडू नका, १६ किंवा ३२ चं घ्या. ३२ जीबीमधे १२८ केबीपीएसची ५०० तासांच्या वर गाणी बसतात, एवढी गाणी एका आखाजीत काय चार आखाज्यांत संपायची नाहीत.

सुरुवातीची गाणी वाजतात आणि नंतरची मुकी, हे लक्षण असेल तर कार्ड नकली असायची शक्यता मोठी. वर ६४ लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरलाही ६४ दाखवतं, पण आत खरी जागा ८ जीबीच, ती भरली की पुढचं सगळं हवेत जातं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री, ही सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतात आणि खरी जागा सांगतात. वेळ खूप लागतो, रात्री लावून झोपा. नवीन कार्ड घेतलं की गाणी भरायच्या आधीच ही टेस्ट करायची.

आणि डिलीट केलेलं गाणं परत परत हजर होत असेल, फॉरमॅट केलं तरी जुनंच दिसत असेल, तर कार्डाने लिहून घेणं बंद केलंय. त्याचं आयुष्य संपलं. त्यातून कॉपी काढून घ्या आणि बाजूला ठेवा, त्याच्यावर अजून मेहनत नको.

इथे थांबा, रिपेअरवाल्याकडे जा

मागचं झाकण वर आलंय, स्क्रीन उचललीय, बटणं आतून दाबल्यासारखी घट्ट झालीत : बॅटरी फुगलीय. चार्जिंग लगेच बंद, दाबून बसवायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही, आत लिथियम असतं आणि ते पेट घेतं. लहान मुलांच्या हातातून काढून सिमेंटच्या ओट्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि शक्य तितक्या लवकर दुकानात न्या. कचऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका.

जळका वास, चार्जिंगला हाताला चटका बसेल इतका गरम, चार्जिंगचं सॉकेट हलतंय, शेताच्या सरीत पडून पाणी गेलंय : चारही ठिकाणी घरगुती उपाय नको. पाणी गेलं असेल तर कार्ड काढा, बंद ठेवा, चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत आहे पण आत गेलेल्या पाण्याचे क्षार तांदूळ ओढत नाही, बोर्ड उघडून साफच करावा लागतो.

कार्डाशिवायही लोगोवर अडकतो, चार्ज केला, रिसेट केला, तरी तेच, तर आतलं सॉफ्टवेअर उडालंय किंवा बॅटरी गेलीय. इंटरनेटवरून कुठलीही फर्मवेअर (हेच ते आतलं सॉफ्टवेअर) आणून भरू नका, दोन प्लेअर बाहेरून हुबेहूब सारखे असतात आणि आत चिप वेगळी असते, चुकीची फर्मवेअर गेली की उरलंसुरलंही जातं.

मोबाईल रिपेअर करणारा कोणीही चांगला कारागीर बॅटरी बदलू शकतो, जळगावला गोलाणी मार्केटमधे अशी दुकानं आहेत, तालुक्याला पण असतात. जायच्या आधी कार्ड काढून घरी ठेवा. बॅटरीवर ३०२०३० असा काहीतरी आकडा असतो, तो मापाचा असतो, ३ मिलीमीटर जाड, २० रुंद, ३० लांब, त्याच मापाची ३.७ व्होल्टची आणि आत प्रोटेक्शनची छोटी पट्टी असलेलीच मागा. आधी खर्च विचारा, नव्या प्लेअरच्या निम्म्याच्या वर जात असेल तर स्वस्तातल्या प्लेअरवर तो करू नका, त्या पैशात एक खरं कार्ड आणि कार्ड रीडर येतो. पण जुना चांगल्या आवाजाचा प्लेअर असेल, आबांच्या हाताला त्याची बटणं अंधारातही सापडत असतील, तर जरूर करा.

बॅटरी बसवून झाली की दुकानातच चार्जिंगची पिन लावून बघा, पूर्ण आवाजात थोडा वेळ वाजवा, आणि मागचं झाकण सहज बसतंय का ते स्वतः बघा. दाबून बसवावं लागत असेल तर बॅटरी मोठी घातलीय, तिथल्या तिथे बदलून मागा.